मालेतले पुढचे पुस्तक कुठे सापडेल? ग्रंथालयाच्या तालिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"याचा पुढचा भाग आहे का हो?" देवघेवीच्या टेबलावर हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारते. बडोद्याच्या ग्रंथालयांत मराठी, गुजराती, संस्कृत आणि इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे कधी उत्तर दोन मिनिटांत मिळते, तर कधी पुस्तक कपाटात असूनही वाचक रिकाम्या हाताने घरी जातो. हे होऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. वाचकांसाठी तर ती आहेतच. आपल्या वाड्यातले, मंडळातले किंवा शाळेतले छोटे ग्रंथालय हौसेने सांभाळणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग व्हावा.

तालिका म्हणजे दाखल रजिस्टरच ना?

नाही. दाखल रजिस्टर ग्रंथालयाच्या हिशेबासाठी असते. पुस्तक कधी आले, कितीला घेतले, दाखल क्रमांक काय, एवढे त्यात कळते. तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची शोधायची यादी, असते वाचकासाठी. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली तालिकेचे काम स्पष्ट मांडले. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक जरी माहीत असेल तरी पुस्तक सापडले पाहिजे, आणि त्या लेखकाचे किंवा त्या विषयाचे ग्रंथालयात आणखी काय आहे तेही दिसले पाहिजे. मालेचा प्रश्न या दुसऱ्या अर्ध्या भागात येतो. हातातले पुस्तक सापडलेलेच असते. हवी असतात ती त्याची भावंडे.

खंड, भाग, माला, मालिका हे सगळे एकच का?

बोलताना आपण एकच मानतो, पण नोंद करताना तीन वेगळ्या गोष्टी ओळखाव्या लागतात.

एक म्हणजे अनेक खंडांत छापलेला एकच ग्रंथ. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांचा आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली, प्रत्येक कांडाचा एक खंड. इथे खंडांना स्वतःची नावे असतात आणि वाचक बऱ्याचदा त्याच नावाने मागतो. ज्ञानकोशाच्या दुसऱ्या खंडाचे नाव ‘वेदविद्या’, पाचव्याचे ‘विज्ञानेतिहास’. तालिकेत फक्त ‘ज्ञानकोश, खंड १ ते २३’ अशी एका ओळीची नोंद असेल, तर ‘वेदविद्या’ शोधणाऱ्याला उत्तर मिळते, ‘नाही’. म्हणून प्रमाण नियम सांगतात की शीर्षकाच्या नोंदीतच खंडाचा क्रमांक आणि खंडाचे नाव यांना वेगळी जागा द्या.

दुसरी प्रकाशकाची किंवा संस्थेची ग्रंथमाला. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र, लेखक वेगळा, विषयही वेगळा, पण डोक्यावर मालेचे नाव आणि क्रमांक. आपल्या शहरातली दोन उदाहरणे साऱ्यांना माहीत आहेत: गायकवाड ओरिएंटल सिरीज, आणि मराठी-गुजराती अशा दोन्ही भाषांत निघालेली श्री सयाजी साहित्यमाला.

तिसरी लेखकाची कथामालिका. तोच नायक, तेच गाव, पुढचे कथानक. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तके मुले याच ओढीने मागतात. इथे माला म्हणून काही छापलेले असेलच असे नाही, आणि तालिका सर्वांत जास्त फसते ती इथेच.

नोंदीत मालेची माहिती कुठे पाहायची?

जुन्या कार्डावर शीर्षक, लेखक, प्रकाशन, पृष्ठे असे झाले की शेवटाकडे गोल कंसात मालेचे नाव असते, मग अर्धविराम आणि मग क्रमांक. ही मांडणी आयएसबीडी या आंतरराष्ट्रीय नियमावलीतून आली आहे, आणि तिच्यात सहावा विभाग मालेसाठीच राखून ठेवला आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३४ च्या क्लासिफाइड कॅटलॉग कोड या नियमावलीतही मालेची टीप कंसातच येते आणि मालेच्या नावाने वेगळी नोंद करायची सोय आहे. तालिकेचे ड्रॉवर अजून जपून ठेवलेल्या ग्रंथालयात गेलात, तर मुख्य कार्ड उलटून पाहा. या पुस्तकासाठी आणखी कोणकोणत्या नावांनी कार्डे केली आहेत, त्यांची यादी मागच्या बाजूला असते. तिथे मालेचे नाव असेल, तर त्या नावाचे कार्डही ड्रॉवरमध्ये असायला हवे.

कंप्युटरवरच्या नोंदी बहुतेक ठिकाणी मार्क २१ या साच्यात असतात. त्यात प्रत्येक माहितीला एक क्रमांकाचा रकाना असतो. पुस्तकावर जसे छापले आहे तसे मालेचे नाव रकाना ४९० मध्ये येते. ज्या नावाखाली ग्रंथालय ती सगळी पुस्तके एकत्र आणते, ते ठरवलेले नाव ८३० मध्ये जाते. लेखकाच्या नावाने ओळखली जाणारी मालिका असेल तर ८०० वापरतात. वाचकाला हे आकडे पाठ करायची गरज नाही. पडद्यावर मालेचे नाव निळ्या अक्षरांत, दाबता येईल असे दिसले, की समजावे कोणीतरी हे काम नीट केले आहे.

एकच नाव दोनदा का लिहायचे?

कारण छापणारे एकच नाव दर वेळी तसेच छापत नाहीत. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले गेले आहे. मराठी पुस्तकावर ‘माला’ असते, गुजरातीत ‘माळा’. कुठे ‘श्री’ लावलेले, कुठे नाही. कुठे क्रमांकाला ‘पुष्प’ म्हटले आहे, कुठे ‘ग्रंथांक’, कुठे नुसता आकडा. जसे छापले आहे तसेच उतरवले आणि तिथेच थांबलो, तर एका मालेच्या चार माला होतात आणि वाचकाला चौथा हिस्साच दिसतो. म्हणून एक नाव ठरवायचे, बाकीची रूपे त्याच्याकडे वळवायची आणि हा निर्णय लिहून ठेवायचा. ग्रंथालयशास्त्रात याला प्रमाण नोंद म्हणतात. ही माला आपण एकत्र ठेवतो की विषयाप्रमाणे विखुरतो, क्रमांक कसा लिहितो, हेही त्यातच नोंदवायची सोय असते.

या कामाला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे खर्च. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १ जून २००६ पासून मालांच्या नव्या प्रमाण नोंदी करणे थांबवले, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी जोरदार विरोध केला. शब्द टाकून शोधता येते, मग एवढी मेहनत कशाला, असा थांबवण्याच्या बाजूचा युक्तिवाद होता. इंग्रजीपुरता तो कदाचित चालून जाईल. तीन लिप्यांतल्या नोंदी सांभाळणाऱ्या बडोद्याच्या ग्रंथालयाला तो अजिबात परवडणारा नाही.

एकाच पुस्तकावर दोन वेगळे क्रमांक आहेत. कोणता खरा?

दोन्ही खरे आहेत. नृत्य आणि नाट्य शिकणारी मुले हा प्रश्न फार विचारतात, कारण अभिनवगुप्तांच्या भाष्यासह नाट्यशास्त्राची बडोद्याची आवृत्ती त्यांना लागते आणि तिथेच घोळ होतो.

रामकृष्ण कवी यांनी संपादनाला घेतलेली ही आवृत्ती चार भागांची आहे. पहिला भाग १९२६ साली निघाला, दुसरा १९३४, तिसरा १९५४ आणि चौथा १९६४ साली. मधल्या वर्षांत मालेतले इतर ग्रंथ येतच होते. त्यामुळे या चार भागांचे गायकवाड ओरिएंटल सिरीजमधले क्रमांक अनुक्रमे ३६, ६८, १२४ आणि १४५ असे आहेत. म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर १२४ पाहून ‘आधीचे १२३ कुठे मिळतील’ असे विचारणारा विद्यार्थी, आणि भाग तिसरा हवा म्हणून मालेतला तिसरा ग्रंथ हातात घेऊन उभा असलेला विद्यार्थी, दोघांचीही चूक नाही. त्यांना दोन क्रम वेगळे करून कोणी दाखवलेच नाहीत.

चांगली नोंद इथे आपले काम चोख करते. ‘भाग ३’ शीर्षकासोबत येते आणि ‘१२४’ मालेसोबत. नाट्यशास्त्राचे चार भाग क्रमाने हवे असतील तर शीर्षकावरून जा. मालेत १२३ आणि १२५ कोणते, हे पाहायचे असेल तर मालेच्या नावावरून जा. चारही भागांची एकच नोंद केली असेल, तर तिच्या मालेच्या रकान्यात चारही क्रमांक लिहिलेले हवेत. नुसते ३६ लिहून सोडलेली नोंद बाकीच्या तीन भागांवर अन्याय करते.

बडोद्यात तालिकेचे काम केव्हापासून शास्त्रशुद्ध होते?

१९१० पासून. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९०६ साली राज्यभर लागू केला. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला पुस्तक मिळाले नाही तर शिकलेले विसरते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले. बॉर्डन १९१३ पर्यंत इथे होते. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली, आणि १९११ साली ग्रंथपालांना शिकवणारा वर्गही सुरू झाला. ड्यूईची दशांश पद्धत आणि कटरची पद्धत यांचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण बनवले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी फडताळांच्या मजल्यांमधली काचेची जमीन पाहायला लोक आवर्जून जातात. पुस्तकांच्या पाठीवरचे बोधांकही, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारे आकडे, तितक्याच लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत.

माला काढणे आणि माला सापडेल अशी ठेवणे, दोन्ही कामे या शहरात एकाच काळात चालू होती. गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ साली निघाला. ज्या शहराने हे केले, तिथल्या मराठी ग्रंथालयांत आज मालेचा रकाना कोरा दिसला की वाईट वाटते.

कंप्युटरवर नाव बरोबर टाकले तरी ‘नोंद सापडली नाही’ असे येते. का?

याची कारणे बहुतेक वेळा मराठी लेखनात असतात, तुमच्यात नाही.

जुन्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मराठ्यांचीं’ असे छापलेले असते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नोंद करणाऱ्याने जुने रूप जसेच्या तसे घेतले असेल, आणि घ्यायलाही हवे, तर तुमचा आजचा शब्द त्याच्याशी जुळत नाही. नियमांनी यावरही तोड दिली आहे. शीर्षकाचे दुसरे रूप वेगळ्या रकान्यात, २४६ मध्ये, लिहिता येते. ते लिहिले नसेल तर तुम्ही अनुस्वार देऊन पाहा.

डोळ्यांना सारखे दिसणारे अक्षरही यंत्राला वेगळे असू शकते. ‘ॲ’ एका कळीने उमटते आणि दोन अक्षरे जोडूनही उमटते. ‘तऱ्हा’मधल्या अर्ध्या ‘र’चेही तसेच. आकड्यांचे तर विचारूच नका. ‘खंड २’ मधला दोन मराठीत लिहिला की इंग्रजीत, यावर नोंद सापडणे-न सापडणे ठरते. शिवाय क्रमांक मजकूर म्हणून साठवला असेल, तर यादी १, १०, ११, २ अशी लागते आणि दुसरा भाग नाहीच असे वाटते. यादीच्या शेवटापर्यंत जाऊन पाहा.

काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी फक्त रोमन अक्षरांत आहेत. मार्क २१ मध्ये तीच माहिती मूळ लिपीत देण्यासाठी ८८० हा रकाना आहे, पण तो भरणे राहून जाते. अशा वेळी लेखकाचे आडनाव रोमन अक्षरांत टाकणे हा सर्वांत जवळचा रस्ता. कोहा हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्रंथालयात प्रगत शोधाखाली मालेच्या शीर्षकाचा वेगळा पर्याय मिळतो. तिथे पूर्ण नाव न टाकता एकच ठळक शब्द टाका.

लेखकाची मालिका कोणत्या क्रमाने वाचावी? तालिका सांगते का?

पुस्तकावर क्रमांक असेल तर सांगते. नसेल तर प्रकाशनाच्या वर्षावरून अंदाज बांधावा लागतो, आणि तिथे पुनर्मुद्रण घोटाळा करते. पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती दुसऱ्याच्या जुन्या प्रतीपेक्षा अलीकडची असणारच. म्हणून नोंदीत पहिल्या आवृत्तीचे वर्ष दिले आहे का ते पाहा.

नियम असा की पुस्तकात नसलेली माहिती ग्रंथपालाने बाहेरून आणली, तर ती चौकोनी कंसात द्यावी, म्हणजे वाचकाला तिचा उगम कळतो. २०१० साली आलेल्या आरडीए या नोंदी करण्याच्या नियमांत एक पाऊल पुढे आहे. ‘याचा उत्तरार्ध’, ‘याच्या आधीची कथा’ असे दोन कृतींमधले नाते थेट नोंदवता येते. माझे मत विचाराल, तर मराठी कादंबऱ्यांसाठी हे नाते लिहिणे मालेच्या क्रमांकापेक्षाही जास्त उपयोगी आहे, कारण आपल्याकडे उत्तरार्धाला स्वतंत्र नाव देऊन वर काहीच न छापण्याची सवय आहे.

मालेची सगळी पुस्तके एकाच कपाटात का ठेवत नाहीत?

काही ठिकाणी ठेवतात. पण एका मालेत ज्योतिष, व्याकरण, संगीत आणि इतिहास असे सगळे असेल, तर संगीताचे पुस्तक संगीताच्या कपाटात असणेच वाचकाच्या सोयीचे. कपाटात पुस्तकाला एकच जागा मिळते, तालिकेत हव्या तितक्या. म्हणूनच विखुरलेली माला तालिकेत जोडलेली असणे अत्यावश्यक ठरते. लेखकाच्या कथामालिका मात्र शक्यतो एकत्र आणि क्रमानेच लावाव्यात. बोधांकात भागाचा आकडा घातला की ते आपोआप होते.

पुस्तकावर मालेचे नाव नेमके कुठे छापलेले असते?

शीर्षकाच्या मुख्य पानाआधी एक पान असते, ज्यावर फक्त पुस्तकाचे नाव छापलेले असते. त्या पानावर, त्याच्या मागे किंवा शीर्षकपानाच्या माथ्यावर मालेचे नाव पाहा. कधी कधी शेवटच्या पानांत मालेतल्या ग्रंथांची पूर्ण यादी असते, आणि ती सोन्यासारखी.

इथे एक कळकळीची विनंती. जुनी पुस्तके बाइंडिंगला जातात तेव्हा पहिलेच जीर्ण पान आणि मूळ कव्हर काढून टाकले जाते. पुठ्ठा मजबूत होतो, पण ज्या पानावर मालेचे नाव आणि पुष्प क्रमांक होता तेच गेलेले असते, आणि पुढे नोंद करणाऱ्याला तो क्रमांक मिळवणे फार कठीण होऊन बसते. पुस्तके देण्यापूर्वी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बाइंडरला स्पष्ट सांगा की पान फाटके असले तरी आतच शिवायचे आहे.

आयएसबीएनवरून पुढचा भाग कळतो का?

नाही. २००७ पासून तेरा आकडी झालेला हा क्रमांक त्या एका आवृत्तीची ओळख देतो. पूर्ण संचाला एक आणि प्रत्येक खंडाला वेगळा असेही असते, पण क्रम त्यातून कळत नाही.

दिवाळी अंक मालेत मोडतात का?

नाही, ती नियतकालिके. त्यांची नोंद वर्ष आणि अंकाने होते.

इंग्रजी मालिकेचे मराठी अनुवाद शोधायचे आहेत. तिसरा भाग सापडत नाही.

आधी तो मराठीत झाला आहे का ते पाहावे लागेल. प्रकाशक मधला भाग गाळतात, किंवा दोन भाग एकत्र काढतात. नोंदीत मूळ शीर्षक दिलेले असेल तर काम सोपे होते, कारण मराठी नावावरून मूळ पुस्तक ओळखणे नेहमी शक्य नसते. अनुवादाच्या नोंदीत मूळ शीर्षक आणि मूळ मालेतला क्रमांक देणे हा माझ्या मते ऐच्छिक भाग असूच नये.

आमचे ग्रंथालय छोटे आहे, कंप्युटर नाही. मार्क वगैरे आम्हाला कसे जमणार?

मार्क नको, वही पुरेशी आहे. शंभर पानी वहीत प्रत्येक मालेला एक पान द्या. माथ्यावर ठरवलेले नाव लिहा, खाली त्याची इतर रूपे. मग डावीकडे मालेतला क्रमांक, मध्ये शीर्षक आणि लेखक, उजवीकडे दाखल क्रमांक. न मिळालेल्या क्रमांकाची ओळ कोरी सोडा, गाळू नका. कोरी ओळ दिसली की वाचकालाही कळते की हा भाग आपल्याकडे नाही, आणि पुस्तके भेट द्यायला येणाऱ्याला काय मागायचे तेही कळते. दोन भाषांत निघालेली माला असेल तर मराठी आणि गुजराती दोन्ही पुस्तके एकाच पानावर घ्या. क्रमांकांमधली खिंडारे पुष्कळदा तिथेच बुजतात.

पुढे कंप्युटर आला तर ही वहीच तुमची प्रमाण नोंद होईल.

आपल्या ग्रंथालयात नसलेला भाग दुसरीकडे मागायचा असेल तर काय सांगावे?

नुसते ‘तिसरा भाग’ म्हणू नका. ग्रंथाचे नाव, भागाचे स्वतंत्र नाव असल्यास ते, संपादक किंवा लेखक, मालेचे नाव, मालेतला क्रमांक आणि वर्ष, एवढे चिठ्ठीवर लिहून न्या. ‘नाट्यशास्त्र, भाग ३, गायकवाड ओरिएंटल सिरीज १२४, १९५४’ अशी चिठ्ठी हातात असली की समोरच्या माणसाला शीर्षकावरूनही शोधता येते आणि मालेवरूनही. एका वाटेने ‘नाही’ आले, तर दुसऱ्या वाटेने पाहायला आवर्जून सांगा.